भावी छायाचित्रकार

डोंबिवलीत कुठल्याही चौकात मान वर केली की एखादा 'भावी नगरसेवक' फ्लेक्सवरून हात जोडून हसताना दिसतो. निवडणूक लागो न लागो, वॉर्ड राखीव होवो न होवो, तो भावीच राहतो आणि खरं सांगायचं तर त्यातच त्याचं बरं चाललेलं असतं. निवडून आला तर गटारं साफ करावी लागतील. आमच्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये असेच एक भावी आहेत, फक्त त्यांना छायाचित्रकार व्हायचं आहे. ग्रुपमध्ये सगळे त्यांना 'भावी'च म्हणतात. 'भावी, जरा सरका' म्हटलं की ते सरकतात, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवायला जागा देतात आणि त्या बदल्यात आपल्याला सेन्सरचा आकार सांगतात.

भावींना डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायचा आहे. पहिलाच. बजेटमध्ये. २००८ पासून.

बजेट २५,००० रुपये. हा आकडा वहिनींनी ठरवला, असं भावी सांगतात. वहिनी म्हणतात, ''मी फक्त 'घ्या एकदाचा' एवढंच म्हटलं होतं.'' मधल्या काळात पगार वाढला, फ्लॅटचा हप्ता फिटला, वडापाव कुठल्या कुठे गेला, पण बजेट जागचं हललं नाही. त्याची खुबी अशी की त्यात बसणारा कॅमेरा घेण्यासारखा नसतो आणि घेण्यासारखा कॅमेरा त्यात बसत नाही.

सुरुवातीच्या त्या दिवसांत गाडी डोंबिवलीहून सुटताना भावी कॅननच्या १०००डीवर असत. ''साधा आहे, पण शिकायला पुरे.'' ठाणे येईपर्यंत, ''पण अजून थोडे पैसे टाकले तर ४५०डीच का घेऊ नये? बारा मेगापिक्सेल, स्क्रीन मोठा.'' घाटकोपरला निकॉनचा डी९० यायचा. ''व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर आहे, साहेब!'' कुर्ल्याला कॅननचा ५०डी, कारण त्याची बॉडी प्लास्टिकची नाही, मॅग्नेशियमची. दादरला गर्दी उतरायची आणि जरा ऐसपैस झालं की थेट ५डी मार्क टू. फुल फ्रेम! ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रोलवरच्या फ्रेमएवढा सेन्सर! भायखळ्याला भावी गप्प होत. सीएसटीला उतरता उतरता म्हणत, ''इतके पैसे घालायचे, पण मला सांगा, आपल्याला येतं काय?'' संध्याकाळच्या गाडीत पुन्हा १०००डी.

कंपन्यांनी नावंही अशी ठेवली आहेत की असा माणूस आयुष्यभर त्यात रमावा. कॅननमध्ये आकडे जितके कमी तितका कॅमेरा भारी. १०००डी सगळ्यात खाली, मग ४५०डी, मग ५०डी, मग ५डी. निकॉनमध्ये डी३०००च्या वर डी५०००, त्याच्या वर डी७०००, आणि त्या सगळ्यांच्या वर नुसता डी३. भावींना हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. शिवाय एकेका कॅमेऱ्याची तीन-तीन बारशी झालेली. आपल्याकडचा १०००डी अमेरिकेत 'रेबेल एक्सएस' आणि जपानात 'किस एफ'. पुतण्या न्यू जर्सीहून यायचा होता तेव्हा भावी रात्री गॅलरीत उभे राहून फोनवर ओरडत होते, ''अरे, किस नको! किस जपानात! तू मला रेबेल आण!'' खाली स्कूटर लावणारे शेजारी बराच वेळ स्कूटरच लावत होते.

न्यूयॉर्कचं बी अँड एच हे कॅमेऱ्याचं दुकान शनिवारी बंद असतं, हे भावींना पक्कं ठाऊक. पुतण्याला त्यांनी तशी ताकीदच दिली होती. मग एक ई-मेल गेला, 'रेबेल आण.' दुसरा गेला, 'रेबेल राहू दे, निकॉनचं बघ, पण अमेरिकेची वॉरंटी इथे चालते का ते आधी विचार.' तिसरा गेला, 'थांब, नवीन येतोय.' पुतण्याने पिस्ते आणि चॉकलेटं आणली.

आता कॅमेरा नाही म्हणजे घरात काहीच नाही असं समजू नका. ट्रायपॉड आहे, दिवाळीत त्याला आकाशकंदिलाची वायर बांधतात. बॅग आहे, तिच्यात लाइटबिलं. दोन जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आहे. ते कॅननच्या ४००डीसाठी घेतलं होतं, पण ४५०डी आला तो एसडी कार्ड घेऊन, आणि हे कार्ड जन्मभरासाठी कोरं राहिलं. ५८ मिलिमीटरचा यूव्ही फिल्टर आहे, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. तो कॅननच्या किट लेन्सला बसतो. निकॉनच्या किट लेन्सला ५२ लागतो. निकॉन घ्यावा असं भावींच्या मनाने जेव्हा जेव्हा घेतलं, तेव्हा तेव्हा हा फिल्टर आडवा आला. एवढ्याशा काचेने एवढ्या मोठ्या कंपनीचं गिऱ्हाईक अडवून धरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आणि डबा आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, काचेवर बारीक पांढरे तंतू पसरतात आणि हजारोंची लेन्स कामातून जाते. हे खरं आहे, मुंबईच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. त्यावर उपाय म्हणजे झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले की तापवायचे, पुन्हा निळे होतात. भावी दर जूनमध्ये त्यासाठी ठेवलेला वेगळा जुना तवा काढतात, गॅसच्या मंद आचेवर खडे परततात, निळे झाले की पुडीत बांधून डब्यात ठेवतात आणि झाकण दाबून बघतात. डबा अर्थातच रिकामा. वहिनींचं म्हणणं एवढंच, की त्यात चकल्या उत्तम राहिल्या असत्या.

मुलाची मुंज ही खरेदीची पहिली ठरलेली वेळ होती. ती टळली आणि फोटोग्राफर बाहेरचा आणावा लागला. त्या दिवशी यजमानांना शोधायला गुरुजींनी दोनदा माणूस पाठवला. यजमान स्टेजच्या मागे फोटोग्राफरला विचारत होते, ''आयएसओ किती ठेवलाय? सोळाशे? नॉइज येणार हो!'' तो बिचारा मानेनेच 'हो हो' करून मातृभोजनाचे फोटो काढायला पळाला. अल्बम मी पाहिला आहे. बटू गोड, वहिनी प्रसन्न, आत्यांच्या नऊवारी नीट आलेल्या. भावी मात्र एकूण एक फोटोत डोळे बारीक करून, मान थोडी पुढे काढून बघताहेत. लेन्सच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचत होते.

भावींना बघायचं तर बोरा बाजारात. फोर्टमध्ये सीएसटीच्या समोरच्या त्या गल्ल्यांत कॅमेऱ्याची दुकानं आहेत. काउंटर एवढेसे, पण काचेच्या आत लाखोंचा माल. भावींचं ऑफिस तिथून पायी पाच मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत ते डबा लवकर आटपतात आणि जातात. दुकानदार पूर्वी 'आज क्या लेंगे साहब?' विचारायचा, हल्ली 'आज क्या देखेंगे?' विचारतो. भावी एखादी बॉडी हातात घेतात, पकड बघतात, अंगठा कुठे येतो ते बघतात, डोळ्याला लावतात, समोरच्या चहावाल्यावर फोकस करतात आणि शटर दाबतात. तो 'खटॅक' आवाज ऐकताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. आत आरसा वर उचलला जातो, पडदा सरकतो, आरसा खाली येतो, एवढंच. पण मोबाइलच्या नकली आवाजाने जन्मात होणार नाही असं काहीतरी त्या माणसाचं त्या क्षणी होतं.

२०१२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मीही बरोबर होतो. काउंटरवर एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. मुलीला जवळच जे. जे.त अप्लाइड आर्टला प्रवेश मिळालेला. बापाच्या शर्टाच्या खिशात पैशांचं पाकीट, त्यावर हात. बजेट ३०,०००.

''सगळ्यात जास्त मेगापिक्सेलचा दाखवा,'' बाप म्हणाला. दुकानदाराने तत्परतेने निकॉनचा नवा डी३२०० पुढे ठेवला. चोवीस!

भावींनी हातातली बॉडी खाली ठेवली. ''दादा, मध्ये बोलतो, रागावू नका. फोटो केवढा छापणार?''

''म्हणजे… अल्बमचा. फार तर भिंतीवरचा.''

''निकॉनचा डी४० सहा मेगापिक्सेलचा होता. आडवे तीन हजार ठिपके. इंचाला तीनशे छापले तरी दहा इंच रुंद प्रिंट निघतो, एकदम स्वच्छ. आणि चोवीस म्हणजे बाराच्या दुप्पट असं वाटतं ना? क्षेत्रफळात दुप्पट. रुंदीला दीडपटसुद्धा नाही. त्यासाठी पैसे घालवू नका.''

दुकानदार चिडला नाही. तो भावींना ओळखून होता. त्याने हळूच चहा सांगितला.

''बॉडी दोन वर्षांत जुनी होते, लेन्स होत नाही. निकॉनचा हा माउंट १९५९ पासून चालू आहे. तुम्ही यांच्याकडून आधीचा डी३१०० घ्या, आता उतरलाय. उरलेल्या पैशांत ३५ मिलिमीटरची एफ १.८ घ्या.'' मग मुलीकडे वळून म्हणाले, ''बाळ, ही किट लेन्स झूम केलीस की ५.६ वर जाते. ही १.८ आहे. हिच्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. घरी ट्यूबलाइटमध्ये आजीचा फोटो फ्लॅश न मारता काढशील. आणि पन्नासची घेऊ नकोस, कोणी कितीही सांगो. या छोट्या सेन्सरवर पन्नासची पंचाहत्तरसारखी दिसते. आपल्या घरांत पाठ भिंतीला टेकते तरी समोरची चार माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. त्यातून कोणी जुनी स्वस्तातली गळ्यात मारायला आला तर अजिबात नाही. या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं असेल तरच घ्यायची, नाहीतर बसशील हाताने रिंग फिरवत.''

मुलगी एकेक शब्द मोबाइलमध्ये टिपून घेत होती. बापाचा खिशावरचा हात पहिल्यांदाच खाली आला.

''फिल्टर आत्ता नको. बॅग नको, साधी सॅक चालते. शेठ, बिल पक्कं. इंडियाच्या वॉरंटीचं कार्ड, शिक्का आमच्यासमोर.''

चहा संपायच्या आत व्यवहार झाला. मुलीने लेन्स लावली आणि पहिला फोटो भावींचाच काढला. छान आला होता. इथेही ते पुढे वाकून लेन्स वाचत नसते, तर आणखी छान आला असता. दुकानदाराने भावींना लेन्स पुसायचं एक मऊ फडकं भेट दिलं आणि म्हणाला, ''साहब, शनिवार को आ जाया करो. कमिशन दूँगा.''

बाहेर आल्यावर मी विचारलं, ''त्यांनी नेला तोच तुम्ही का नाही घेत? तुमच्याच तोंडून बाहेर पडलंय सगळं.''

''आत्ता?'' भावी माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले. ''महिन्यावर फोटोकिना आलंय!''

हे फोटोकिना म्हणजे जर्मनीत कोलोनला भरणारं कॅमेऱ्यांचं प्रदर्शन. एक वर्षाआड, सप्टेंबरच्या सुमारास. जगातले नवे कॅमेरे तिथे मांडले जात आणि जुन्यांच्या किमती खाली येत. भावींच्या दृष्टीने कोलोन हे कल्याणच्या थोडंसं पुढे होतं. सप्टेंबरात फोटोकिना, त्यात नवं मॉडेल दिसलं की ते भारतात येईपर्यंत थांबायचं, म्हणजे दसरा गेला. आल्यावर त्याची किंमत उतरेपर्यंत थांबायचं, म्हणजे पाडवा गेला. पाडव्याला फडके रोडवर स्वागतयात्रेत नथी, फेटे, लेझीम, ढोल आणि प्रत्येक पाच माणसांमागे एकाच्या गळ्यात कॅमेरा. त्या गर्दीत भावी मोकळ्या गळ्याने हिंडतात आणि लोकांच्या कॅमेऱ्यांचे पट्टे वाचतात. कोणी लेन्सचं हूड उलटं लावलेलं दिसलं तर थांबवून सुलटं करून देतात. त्यानंतर अक्षय्य तृतीया. पण तोवर पुढच्या मॉडेलच्या अफवा सुरू झालेल्या असत. साडेतीन मुहूर्तांपैकी एकही असा नाही, ज्यावर भावींनी कॅमेरा घ्यायचं टाळलेलं नाही.

२०२० मध्ये कोलोनच्या आयोजकांनी फोटोकिना पुढची सूचना मिळेपर्यंत स्थगित केल्याचं जाहीर केलं. भावींनी त्या दिवशी जेवण केलं, पण भात घेतला नाही.

तोवर दुनियाच बदलली होती. कॅमेऱ्यातला आरसाच काढून टाकलेले मिररलेस आले. पुढे कॅननने सांगून टाकलं की आपला वरच्या श्रेणीतला १डी एक्स मार्क थ्री हा त्या वर्गातला शेवटचा डीएसएलआर. निकॉनचा सगळा जीव 'झेड' मालिकेत गुंतला. म्हणजे हा माणूस जी वस्तू निवडत बसला होता तिची अख्खी जातच त्याच्या डोळ्यांसमोर म्हातारी झाली. मला वाटलं, भावी खचतील. ते दुसऱ्या दिवशी गाडीत आले ते उलट खुशीत. ''बघा!'' म्हणाले, ''घाई केली असती तर फसलो असतो!''

आता तर गंमत अशी आहे की लोक भराभर मिररलेसकडे गेल्यामुळे जुन्या बाजारात डीएसएलआरचे भाव पडलेत. जो डी३२०० तेव्हा बजेटच्या बाहेर होता, तो आता बजेटमध्ये येतो, वर एक लेन्सही येते. पंचवीस हजारांचं ते बजेट अखेर बरोबर ठरलं. पण आता भावी शटर काउंट बघतात. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंत टिकावं असा हिशेब असतो. सत्तर हजार झालेला दाखवला तर म्हणतात, ''झिजलाय.'' आठ हजार झालेला दाखवला तर म्हणतात, ''इतके कमी? वापरला का नाही मग? काहीतरी खोट असणार.''

माझं मत विचाराल तर भावींना हसावं, पण उडवून लावू नये. एक बाजू आहे ती ज्यांनी कॅमेरा घेतला त्यांची. त्यातल्या कित्येकांनी एक पाऊस कासच्या पठारावरची फुलं टिपली, एक हिवाळा शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगोंमागे उभे राहिले, आणि नंतर कॅमेरा कपाटात ठेवून मोबाइलवर आले. त्याची बॅटरी एव्हाना फुगलेली असेल. दुसऱ्या बाजूला भावी, ज्यांच्या सांगण्यावरून आमच्या डब्यातल्या किमान निम्म्यांनी योग्य कॅमेरा योग्य किमतीला घेतला, एकालाही पस्तावायची पाळी आली नाही, आणि ज्यांच्या स्वतःच्या नावावर एक फोटो नाही. ज्ञान खरं, सल्ला फुकट, त्यात कंपनीचं कमिशन नाही की स्वतःच्या खरेदीचं समर्थन नाही. ज्याने स्वतः निकॉन घेतलाय तो तुम्हाला निकॉनच घ्यायला लावणार. भावी कोणाचेच नाहीत.

तेव्हा पहिला कॅमेरा घ्यायचा असेल आणि खिशात मोजकेच पैसे असतील, तर तुमच्या ओळखीत असा एक भावी नक्की असेल, त्याला गाठा. तो सांगेल ते लिहून घ्या, त्याच दिवशी दुकानात जा आणि पैसे भरून मोकळे व्हा. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला पुन्हा काही विचारू नका.